न धुवायचा पटका

पैलवान खोटं बोलायला लागला की त्याचा हात मानेमागं जातो. बत्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवून मला कळलेलं हे शहाणपण. दुकान चिंचेखालच्या तालमीच्या बरोबर तोंडावर. तालमीतून एकेक जण यायचा, बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभा राहायचा, आणि मग मानेमागं हात नेऊन हळूच म्हणायचा, शिवाण्णा, एका मित्रासाठी खाजेची ट्यूब पायजे. मी द्यायचो. दीड वर्षात तालमीतल्या तीस पैलवानांना तीस मित्र झाले, सगळ्यांना काखेत, कमरेला आणि जांघेत खाज. त्यातला एकही मित्र मी डोळ्यांनी कधी बघितला नाही.

तर ही गोष्ट ज्ञानूतात्या परटाची आहे. माझं नाव शिवकुमार, मी मध्ये मध्ये येणार, कारण ह्यात माझंही शेण खाऊन झालेलं आहे. ते पुढं सांगतो, पळून जात नाही.

तात्याची लाँड्री तालमीच्या भिंतीला भिंत लावून. माणूस सत्तरीचा, अंगानं काटकुळा, हात कोपरापर्यंत पांढुरके, आयुष्यभर सोड्याच्या पाण्यात बुडलेले. पेठेत घरोघर वॉशिंग मशिनं आली तरी तात्यानं परसातली भट्टी मोडली नाही. तांब्याचा हंडा, खाली लाकडं, आत सोडा. उकळी फुटली की एक विडी ओढून संपेपर्यंत कपडा आत ठेवायचा, हे त्याच्या बापापासूनचं माप. मी त्याला विडी सोडायला लावली तर माप गेलं की वो त्याचं. चार दिवस हंड्यापुढं हात चोळत बसला. शेवटी अर्धी उदबत्ती जळेपर्यंत उकळायचं, असं ठरवलं. तेव्हापासून आमच्या पेठेतल्या चादरींना मोगऱ्याचा वास येतो.

भट्टीवर त्याची श्रद्धा भारी. उकळीपुढं कोण पाटील न्हाय आनि कोण परीट न्हाय, म्हणायचा. आणि दुसरं एक वाक्य, ते तर त्याच्या घराण्याचं: बोचक्यातलं बोचक्यात. परटाला गावाचं सगळं कळतं. कोण घरी जेवतंय, कोण बाहेर पितंय, कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर कुणाच्या गजऱ्याचा डाग, सगळं गाठोड्यातून त्याच्याकडं येतं. पण तात्याच्या तोंडून कधी शब्द बाहेर गेला नाही. पैलवानांच्या लांगांवर, कुस्तीच्या लंगोटांवर, माझ्या ट्यूबचे तेलकट डाग पडलेले त्याला दिसत होते. तो फक्त सोडा दुप्पट घालायचा आणि तोंड मिटून घ्यायचा.

आता तेजस्वी. तात्याच्या पोराची पोरगी, सतरा वर्षांची. बाप वारणानगरला दुधाच्या गाडीवर, सुट्टीपुरता घरी. पोरगी तात्यापाशीच वाढली आणि कपडे पिळून पिळून तिच्या मनगटात काय ताकद आली म्हणता! तीन वर्षांपूर्वी तालमीनं पोरींना आत घेतलं. त्याआधी बाईमाणसाची सावली कुस्तीच्या हौद्यावर पडली तर माती बदलायचे असले शहाणे लोक. वस्ताद अमरसिंह नको नकोच म्हणत होते, पण मॅटवरच्या कुस्तीत पोरी मेडलं आणायला लागल्या तेव्हा त्यांनाही पटलं. तेजस्वीनं पहिल्याच वर्षी वस्तादांची बोलती बंद केली. गेल्या नोव्हेंबरात शिरोळला स्पर्धा होती. वजनाच्या वेळी डॉक्टरबाईंनी कातडी तपासली, मानेवर आणि काखेत लाल गोल चकत्या बघितल्या आणि सांगितलं, बाळ, घरी जा. लागट रोग असला तर जोड लावता येत नाही, नियम आहे. पोरगी कुस्ती न खेळता हरून आली. दोन दिवस जेवली नाही.

मार्चअखेर जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तिथंही अशीच परत पाठवली तर संपलं. तात्या तिला घेऊन माझ्या दुकानात आला आणि मी, लेको, मी सवयीनं तीच ट्यूब काढून पुढं ठेवली.

माझं नशीब की तेवढ्यात माझी पोरगी शांभवी डबा न्यायला दुकानात आलती. ती कातडीची डॉक्टर, दोन गल्ल्या सोडून दवाखाना. तिनं ट्यूब उचलली, पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं, आणि गिऱ्हाइकांसमोर बापाची जी हजामत केली, ती पेठ अजून विसरली नाही. म्हणाली, अप्पा, नायटा म्हणजे बुरशी. ह्या ट्यूबमध्ये तिला मारायचं औषध आहे पायलीभर पाण्यात चिमूटभर, आणि वर अंगातल्या राखणदाराला झोपवायचं औषध घातलंय. लाली जाते, खाज थांबते, माणूस खूश. बुरशी त्याहून खूश. मी म्हणलं, अगं लोक मागतात. ती म्हणाली, लोक विष मागतील. लाज वाटली, खरंच सांगतो.

मग ती दोघांना दवाखान्यात घेऊन गेली, मीही मागनं गेलो. तेजस्वीच्या मानेवरची चकती बोथट पात्यानं खरवडून पांढरा भुगा काचेवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि दुर्बिणीखाली धरून म्हणाली, बघा आजोबा. तात्यानं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"ह्यो तर सुताचा गुंता हाय की."

"सूतच आहे," शांभवी म्हणाली, "पण हे सूत वाढतं."

आणि तिनं सगळं समजावलं. ह्या बुरशीला तीन गोष्टी लागतात: ऊब, घाम, आणि खायला कातडीचा वरचा मेलेला पापुद्रा. पैलवानाच्या अंगावर तिन्ही फुकट. ती वर्तुळात वाढते, मधलं खाऊन झालं की कडेकडेनं पुढं सरकते. म्हणून मधलं बरं झाल्यासारखं दिसतं आणि माणूस औषध सोडतो. लोक म्हणतात, दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. हे उलटं. नाव गजकर्ण, पण येतं मुंगीच्या पायानं आणि मग हत्तीसारखं ठाण मांडतं. पैलवानाचे कान आधीच मोडलेले, त्यात आमच्या पोरांच्या कमरेला हत्तीचे कान फुटलेले.

सहा आठवडे गोळ्या आणि साधं मलम, चकती दिसेनाशी झाली तरी पुढं दोन आठवडे सोडायचं नाही. तात्याला ते लगेच पटलं. म्हणाला, उकळी फुटायच्या आत हंडा उतरवला तर घाण मरत न्हाय, मुरती. शांभवीनं ते वाक्य कागदावर लिहून दवाखान्याच्या भिंतीला चिकटवलं. अजून आहे.

संक्रांतीपर्यंत पोरगी स्वच्छ झाली. तिचे कपडे, टॉवेल, चादर तात्या रोज वेगळे उकळत होता, रोज अर्धी उदबत्ती. आणि गारगोटीला एक छोटी कुस्ती जिंकून आली, त्यानंतर पंधरा दिवसांत मानेवर पुन्हा तीच लाल कडा.

शांभवी डोक्याला हात लावून बसली. दोन महिने राहिले होते, सहा आठवडे औषधात जाणार. ह्या खेपेला बरी होऊन पुन्हा लागली तर चाचणी गेली. ती म्हणाली, औषध बरोबर, कपडे उकळलेले, मग येतंय कुठनं? ही बुरशी कापडात महिनोन्महिने पडून राहती, तिला घाई नसती, गरम अंगाची वाट बघत बसती. सांगा मला, तिच्या अंगाला असं कुठलं कापड लागतंय जे कधीच धुतलं जात नाही?

तात्या खाली मान घालून बसला. मी त्याच्याकडं बघतोय, तो जमिनीकडं. मला वाटलं, म्हातारा विचार करतोय. शेवटी मीच म्हणलं, पटका.

चिंचेखालच्या तालमीचा मानाचा पटका म्हणजे काय चीज आहे, हे आमच्या पेठेत सांगावं लागत नाही. साठ वर्षांपूर्वी वस्तादांच्या आज्ज्यानं, थोरल्या वस्तादांनी, एका जत्रेत शेवटची कुस्ती मारली आणि हा रेशमी पटका जिंकून आणला. तेव्हापासून तो मारुतीच्या फोटोखाली खुंटीला. सकाळी जोर मारून झाले की घामेजल्या अंगावरून एकेक जण तो फिरवून घेतो, बळ येतं म्हणून. कुस्तीला जाताना खांद्यावर, जिंकून आलं की डोक्याला आणि गळ्याला. आणि नियम एकच: जिंकलेला पटका धुवायचा नाही. धुतला की यश वाहून जातं. हौद्यातल्या मातीची काय ती बडदास्त! हळद घालतील, लिंबं पिळतील, ताक ओततील, कापूर चुरतील, उकरून उन्ह दाखवतील. आणि तीस अंगांचा घाम प्यालेलं ते फडकं साठ वर्षं पाण्याला शिवलेलं नाही. रंग कुठला होता हे कुणाला आठवत नव्हतं. मेणकापडासारखं कडक झालतं.

"तात्या, तुमी परीट," मी म्हणलं, "भिंतीपलीकडं असलं घोंगडं लोंबतंय आणि तुमी साठ वर्षं गप?"

"तालमीचा नेम हाय," तात्या म्हणाला, आणि उठून गेला.

मला राग आला. उकळीपुढं सगळे सारखे म्हणणारा माणूस एका पटक्याला भितो? तेजस्वीला तर तालमीत सांगायचीही सोय नव्हती. आधीच पोरींच्या पायगुणाचं बोलणारे दोन-तीन जण होते, त्यात ही म्हणाली असती की तुमच्या मानाच्या पटक्यानं मला नायटा झाला, तर दुसऱ्या दिवशी तिचं तालमीत येणं बंद. आणि बाकीचे तीस जण? त्यांना तर नायटा नव्हताच. त्यांच्या मित्रांना होता.

चार दिवस तात्या माझ्या दुकानाकडं फिरकला नाही. पाचव्या दिवशी तेजस्वी औषधाला आली आणि सहज म्हणाली, मी कुस्ती सोडतो म्हणून तात्याला सांगितलं. आमच्याकडं पोरीही 'मी सोडतो' म्हणतात, पैलवान असली तर जास्तच. मी विचारलं, मग तात्या काय म्हणाला? म्हणाली, काय न्हाय, रात्रभर खोकत बसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक वाजता तात्या दुकानात आला. काखेत इस्त्रीच्या कपड्यांची रिकामी पाटी.

"शिवा, पैलवान खुराक खाऊन आडवं झाल्यात. मी आत जातोय. कोण उठलं तर खोक."

बत्तीस वर्षं खोकल्याची औषधं विकली, पण स्वतःहून खोकायची पाळी पहिल्यांदाच आली. तात्या आत गेला आणि दोन मिनिटांत तालमीच्या कट्ट्यावरनं ऋतुराज उठला. एकशे दहा किलोचा गडी. मी खोकलो. तो नेमका माझ्याचकडं आला. मानेमागं हात. शिवाण्णा, ते मित्रासाठी... मी म्हणलं, बस की, आज जरा मित्राची चौकशी करू. वय किती मित्राचं? वजन? खाज नेमकी कुठं? डाव्या जांघेत का उजव्या? रात्री जास्त का दुपारी? लग्न झालंय का मित्राचं? पोराला घाम फुटला. मित्राचं वजनही एकशे दहाच निघालं. त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं, तात्या पाटीवर पांढरी चादर टाकून तालमीतून बाहेर पडला आणि संथपणे आपल्या परसात गेला. मी ऋतुराजला ट्यूब दिली नाही, शांभवीचा पत्ता दिला. मित्राला पाठव, म्हणलं.

परसात गेलो तर हंडा रटरटत होता आणि तात्या पटका हातात धरून उभा. मला एकदम आठवलं, तात्यानंच मला शिकवलेलं: रेशीम आणि लोकर भट्टीत घालायची नाही, सोड्यात विरघळून जाते. मी हात धरला. "तात्या, रेशमी हाय त्यो!"

"ह्यो विरघळत न्हाय," म्हणाला, आणि पटका हंड्यात सोडला.

अर्धी उदबत्ती. पाणी आधी तांबडं झालं, मग काळं, मग असा काही वास सुटला की दोन घरांपलीकडच्या बायडाबाईनं खिडकी लावून घेतली. तात्यानं पाणी बदललं आणि पुन्हा अर्धी उदबत्ती. तिसऱ्या पाण्याला कापड बाहेर काढलं, खळाळून धुतलं आणि दोरीवर पसरलं. फिका डाळिंबी रंग, साधं सुती कापड, आणि आतली दुमड उकळीत सुटून दोन्ही अंगांना वर आलेली रुईफुलाची किनार. माझ्या आईच्या ट्रंकेत असली किनार होती, म्हणून ओळखली. पटक्याला असली किनार कोण लावतंय? हे लुगडं होतं. अर्धं कापलेलं लुगडं. कोपऱ्यात बिब्ब्याची खूणही नव्हती. परटाकडं आलेल्या प्रत्येक कपड्याला कोपऱ्यात खूण असते. नसते ती फक्त परटाच्या घरच्या कपड्याला.

तात्या भट्टीशेजारच्या दगडावर बसला आणि मग सांगायला लागला. थोरल्या वस्तादांनी पटका जिंकला, मातीनं माखला म्हणून धुवायला दिला तो तात्याच्या बापाकडं, गुंडू परटाकडं. त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचे ढीगभर कपडे भट्टीत जात होते आणि त्यात चुकून रेशमी पटकाही गेला. उघडून बघितलं तर हंड्यात शेवया. थोरल्या वस्तादांचा पटका शिजवला म्हणून सांगायचं तर पेठ सोडून जावं लागलं असतं. तात्याची आई तानाबाई. तिचं लग्नातलं लुगडं त्याच रंगाचं होतं. तिनंच ट्रंकेतून काढलं, स्वतःच्या हातानं कात्री चालवली, आणि मग महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. गुंडूनं किनार आत दुमडून टाके घातले, घट्ट घडी घातली, वर थोडी हौद्यातली माती चोळली, आणि वस्तादांच्या हातात देऊन म्हणाला, वस्ताद, धुतला न्हाय. जिकल्याला पटका धुवायचा नसतोय, यश वाहून जातंय. परत कधी परटाच्या हातात पडू नये, उलगडून कुणी बघू नये, म्हणून बिचाऱ्यानं मारलेली थाप. थोरल्या वस्तादांना ती इतकी आवडली की त्यांनी तिचा नेम करून टाकला.

"आई चाळीस वर्षं तालमीच्या दारावरनं पाण्याला गेली," तात्या म्हणाला. "उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकू दिलं न्हाय. दारातनं खुंटीवर आपल्या लुगड्याकडं बघायची आनि गालात हसायची. मरताना बानं माझा हात धरून सांगितलं, ज्ञानू, बोचक्यातलं बोचक्यात."

बापानं एक थाप मारली, ती साठ वर्षं खुंटीला वाढत राहिली, आणि फिरून त्याच्याच पणतीच्या मानेवर उगवली.

आता वाट दोनच. पटका परत मातीत घोळायचा, तेल चोळायचं, किनार दुमडून खुंटीला अडकवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, बापाचं नाव राहिलं. पण उद्या सकाळी तीस जण तो पुन्हा घामावर फिरवणार, आणि दोन आठवड्यांत आहे ते पुन्हा. तात्या दोरीवरच्या कापडाकडं बघत होता.

"वाळू दे," म्हणाला. "इस्त्री करतो."

संध्याकाळी पाच वाजता तालमीत पैलवान जमले आणि एकच गलका, पटका चोरीला गेला. वस्ताद अमरसिंह लालेलाल. दुसऱ्या तालमीची नावं घेऊन झाली, कुणीतरी काठ्याही काढल्या. तेवढ्यात तात्या आत आला. दोन्ही हातांवर कडक घडी, डाळिंबी, वर रुईफुलं. मी मागं. खरं सांगतो, तिथला सगळ्यात हलका माणूस माझ्या दुप्पट होता.

तात्यानं सगळं सांगितलं. बापाचं, भट्टीचं, आईच्या लुगड्याचं. मग नायट्याचं. काही झाकलं नाही. कुणाच्या लांगेवर मलमाचे डाग आहेत हे मात्र तेवढं सांगितलं नाही, तेवढं बोचक्यात ठेवलं. थाप माज्या बाची व्हती, म्हणाला, नायटा तुमच्या सगळ्यांचा हाय. माज्या नातीला त्यो हितनं लागलाय आनि मार्चात तिला परत पाठवली तर मी स्वतःला माफ करनार न्हाय.

वस्तादांनी पुढं होऊन ती किनार दोन बोटांत धरून बघितली.

"म्हंजे माज्या आज्ज्यानं, बानं, मी, आमी समद्यांनी डोक्याला लावलं ते बाईचं लुगडं?"

"माज्या आईचं," तात्या म्हणाला. "त्यानं कवा हरलासा काय?"

काय सुचत नसलं की माणसाचा हात सवयीच्या जागी जातो. वस्तादांचा कमरेला गेला. खसाखसा खाजवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळे बघतायत. आणि मग बाजूला ऋतुराजचा हात जांघेत गेला, त्याच्या शेजारच्याचा काखेत, कारण खाज एकानं काढली की दुसऱ्याला आठवते. क्षणभरात अख्खी तालीम खाजवत उभी. मी पुढं झालो आणि हात जोडून म्हणलं, ट्यूबा मीच दिल्या, चूक माझी. उद्यापासनं दुकानात मिळणार नाहीत, आणि तुमच्या मित्रांना उद्या दवाखान्यात पाठवा. पहिलं हसू कुणाचं फुटलं कोण जाणे, पण वस्तादांचं नव्हतं. त्यांनी तात्याच्या हातातनं घडी घेतली, मारुतीखाली खुंटीला अडकवली. किनार बाहेर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शांभवीच्या दवाखान्यात रांग लागली. मित्र एकही आला नाही, तीसच्या तीस स्वतःच आले. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, लांगा रोज तात्याच्या भट्टीत, गोळ्या पुऱ्या, आणि पटका दर सोमवारी उकळायचा. पहिल्या दोन सोमवारी दोन-तीन म्हातारे पैलवान कट्ट्यावर सुतकात बसले होते. तिसऱ्या सोमवारी तालमीतला एक जण कर्नाटकात जाऊन कुस्ती मारून आला, मग तेही उठून गेले.

मार्चअखेर चाचणी. तेजस्वीच्या मानेवर फक्त विटकरी पुसट डाग उरले होते. वजनाच्या खोलीत पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून तात्या आणि मी फाटकाबाहेर. तात्या एका झाडाकडं तोंड करून उभा. आतल्या डॉक्टरबाई विजेरी लावून डाग बघत्येत, शांभवीची चिठ्ठी वाचत्येत, असं एक पोरगी येऊन सांगून गेली. पुढची दहा मिनिटं मी जेवढा घाबरलो, तेवढा माझ्या लग्नातही घाबरलो नव्हतो. मग तेजस्वीनं दारातनं अंगठा वर केला. तात्या तिथंच मातीत बसला.

"माजी कुस्ती झाली," म्हणाला. पुढच्या तीन बघायलाही तो उठला नाही. मीच बघितल्या. तिन्ही जिंकली, संघात नाव लागलं.

संध्याकाळी तालमीत गुलाल. वस्तादांनी खुंटीवरचा पटका काढला, रिवाजाप्रमाणं तिच्या डोक्याला बांधायला. ती मुळातच वांड. पटका हातातनं घेतला, झटकून उलगडला, आणि डोक्याला न बांधता खांद्यावरनं पदरासारखा सोडला, रुईफुलांची किनार समोर. पोरं हसायला लागली. आणि वस्ताद, पन्नास वर्षांची सवय, पटका समोर आला की वाकायचं, ते वाकले. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला वाकतोय. तात्या उंबऱ्यावर उभा होता, आत न येता, जिथं त्याची आई उभी राहायची तिथं. वस्ताद थांबले नाहीत. पुरे खाली वाकले आणि त्या पदराला कपाळ टेकवलं.

"दमानं, वस्ताद," तात्या उंबऱ्यावरनं म्हणाला. "कालच इस्त्री केलीया."